रामनगरची सीता

भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला महाराष्ट्रात गणपती विसर्जनाच्या मिरवणुका निघालेल्या असतात. त्याच संध्याकाळी काशीसमोर, गंगेच्या पैलतीरावरील रामनगरात रावणाचा जन्म होतो. दुर्गामंदिराच्या तलावाला त्या दिवसापुरते क्षीरसागर समजतात, आणि शेषशायी विष्णू त्या पाण्यावर दर्शन देतात. रावणाने गांजलेले देव त्यांचा धावा करतात आणि आकाशवाणी होते. ज्या शब्दाने आज नभोवाणीचा बोध होतो, त्या शब्दाचा हा मूळ अर्थ तेथील गर्दीला नव्याने समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवसापासून कोजागिरीच्या सुमारापर्यंत, एकतीस दिवस, रामनगरची रामलीला चालते. मध्ये पितृपक्ष येतो, पाऊस येतो. लीला थांबत नाही.

उत्तर हिंदुस्थानात रामलीला गावोगावी होतात. काशीतच नाटी इमलीचा भरतमिलाप पाहायला मुंगीला रिघ नसते, आणि अस्सीच्या लीलेचे नाते तर थेट तुलसीदासांशी जोडले जाते. परंतु रामनगरची लीला या सर्वांत आगळी. तिला काशीनरेशांचा आश्रय लाभला. महाराज उदितनारायण सिंह यांच्या काळात ती भरास आली आणि १८३५ ते १८८९ अशी प्रदीर्घ कारकीर्द लाभलेल्या ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी तिला आजचे रूप दिले. काशीच्या टांकसाळीवर अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रज गृहस्थाने १८३० च्या सुमारास काशीची जी चित्रे काढून प्रसिद्ध केली, त्यांत रामनगरच्या या मेळ्याचेही चित्र आहे. म्हणजे आजचा प्रेक्षक ज्या मैदानात उभा राहतो, तेथे त्याचा खापरपणजाही उभा असण्याचा संभव आहे.

या लीलेला रंगमंच नाही. किंबहुना सारे रामनगरच तिचा रंगमंच आहे. अयोध्या एका बाजूला, जनकपूर दुसरीकडे, चित्रकूट तिसरीकडे, आणि लंका पार गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात. मराठी माणसाला गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे आपल्या नाशिकची पंचवटीही तेथे आहे. राम वनवासाला निघाला की प्रेक्षकांनीही त्याच्यामागे निघायचे. एका संध्याकाळी जो प्रसंग घडतो तो पाहायला मैल मैल चालावे लागते, आणि चालणे हाच पाहण्याचा भाग आहे. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिवर्धक नाहीत. मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या बत्त्या यांच्या उजेडात दहा दहा हजारांचा समुदाय बसलेला असतो, आणि दूरवर उभ्या राहिलेल्या एका मुलाचा बारीक, लांबवलेला स्वर ऐकण्यासाठी जिवाचा कान करतो.

कथा सांगण्याची रीतही तशीच निराळी. महाराजांच्या जवळ बारा रामायणी बसलेले असतात. ते रामचरितमानसातील दोहे-चौपाया एकसुरात म्हणतात. म्हणता म्हणता ठरलेल्या ठिकाणी थांबतात. मग दूर पात्रांजवळ उभे असलेले व्यास गर्दीला गप्प राहण्याची आणि सावध होण्याची हाक देतात, आणि पात्र आपला संवाद बोलते. हे संवाद ईश्वरीप्रसादांच्या काळात सिद्ध झाले. काष्ठजिह्वा स्वामी, रीवाचे रघुराज सिंह आणि भारतेंदु हरिश्चंद्र यांचा त्यांना हातभार लागला असे मानतात. व्यासांच्या हाती संवादांची पोथी असते आणि पात्राने एखादा शब्द चुकवला तर ते तेथल्या तेथे तो पुढे करतात. त्यात लपवाछपवी नाही. पडदा नाही, विंग नाही, तेव्हा प्रॉम्प्टरने लपायचे तरी कोठे? तिन्हीसांजेला महाराज संध्येसाठी उठतात, तेव्हा लीलाही थांबते. राम-लक्ष्मण विसावा घेतात, प्रेक्षक चणे-फुटाणे खातात, आणि अंधार पडल्यावर कथा जेथे थांबली होती तेथून पुढे चालू होते. जे लोक एकही दिवस न चुकवता येतात त्यांना ‘नेमी’ म्हणतात. ते स्नान करून, गंध-अत्तर लावून, मानसाचा गुटका काखेत मारून येतात आणि रामायणींबरोबर बत्तीच्या उजेडात ओळीवर बोट ठेवून वाचतात. एकच गोष्ट त्यांच्यापुढे तिहेरी उलगडते: पोथीत, गाण्यात आणि डोळ्यांसमोर.

मराठी श्रोत्याला ही पद्धत अगदीच अनोळखी वाटू नये. १८४३ साली सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी जे नाटक उभे केले, त्यातही सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे त्या पदांना धरून आविर्भाव करीत व गद्य बोलत. फरक असा की भाव्यांच्या नाटकात पदे तेवढी लिहिलेली असत, गद्य भाषणे नटांनी आयत्या वेळी करावयाची. राक्षसांच्या आरोळ्यांवरून लोकांनी त्या खेळांना ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव दिले ते उगीच नव्हे. रामनगरात संवादातील काना-मात्राही हलवत नाहीत. पण सांगणारा एक आणि दाखवणारा दुसरा, ही व्यवस्था दोन्हीकडे एकच. आणि कथाही एकच. भाव्यांचे पहिले नाटक होते ‘सीतास्वयंवर’. पंचवीस वर्षांनी, ३ एप्रिल १८६८ रोजी, काशीच्या नाट्यगृहात पंडित शीतलाप्रसाद त्रिपाठींचे ‘जानकीमंगल’ झाले. हिंदी रंगभूमीचे ते पहिले नाटक असे भारतेंदूंनीच लिहून ठेवले आहे. लक्ष्मणाचे काम करणारा नट ऐन वेळी आजारी पडला, तेव्हा सतरा वर्षांच्या भारतेंदूंनी घाईघाईने भाषणे पाठ करून लक्ष्मण उभा केला. समोर ईश्वरीप्रसाद नारायण सिंह बसले होते. सांगली आणि काशी यांच्यामध्ये शेकडो कोसांचे अंतर. पण दोन्ही भाषांच्या रंगभूमीचा नारळ सीतेच्या लग्नातच फुटला.

आता प्रश्न येतो तो या सीतेचा.

रामनगरच्या लीलेत राम, भरत, लक्ष्मण, शत्रुघ्न आणि सीता या पाचांना ‘स्वरूपे’ म्हणतात. ही पाचही स्वरूपे म्हणजे ज्यांचा आवाज अजून फुटलेला नाही असे ब्राह्मणांचे मुलगे. त्यांची निवड महाराजांसमोर होते, आणि पहिली परीक्षा असते आवाजाची. निवड झालेल्या मुलांना व्यास सुमारे दोन महिने संवाद शिकवतात. लीला सुरू झाली की ती घरी राहत नाहीत. त्यांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नाही. मुकुट चढला की ती देवच. त्यांना खांद्यावर घेऊन नेतात, रोज रात्री त्यांची आरती होते, त्या क्षणी महताबीचा लखलखीत उजेड पेटतो आणि हजारो हात जोडले जातात. कौसल्या, कैकेयी, मंदोदरी, शूर्पणखा याही पुरुषच. पण त्या प्रौढ पुरुषांच्या भूमिका, पूजेच्या नव्हेत. यांतील कित्येक भूमिका पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराण्याकडे चालत आलेल्या असतात.

हा मुलगा सीतेचे काम करतो असे म्हणणे तेथील लोकांना रुचणार नाही. तो काही स्त्रीसारखा चालण्याचा, लाजण्याचा, मुरका मारण्याचा प्रयत्न करीत नाही. चेहऱ्यावर चंदनाची नक्षी आणि चमकत्या टिकल्या, डोक्यावर मुकुट, अंगावर भरजरी वस्त्र. एवढ्याने काम भागते. लंकेतील लीला चालू असतात तेव्हा ही सीता अशोकवाटिकेत वृक्षाखाली बसलेली असते. युद्ध दुसरीकडे चाललेले असते, तिच्या तोंडी त्या संध्याकाळी एखादे वाक्यही नसते. तरीही ती तेथे बसून राहते आणि वाटेवरचे लोक थांबून तिला नमस्कार करून पुढे जातात. नाटकाच्या कोणत्याही शास्त्रात, ज्याचे काम नाही अशा पात्राला तासन्‌तास ताटकळत ठेवणे हा दोष ठरेल. येथे सीतेचा विरह ज्या भाबड्या, शब्दशः रीतीने लोकांच्या मनावर ठसतो, तसा तो दहा पदे गाऊनही ठसणार नाही. रावणाच्या बाबतीतही असेच. विजयादशमीला राम बाण सोडतो, आणि रावण झालेला गृहस्थ दहा तोंडांचा मुखवटा उतरवून रामरूपी पोराच्या पायांवर डोके ठेवतो व गर्दीत निघून जातो. मेल्याचे सोंग करून पडून राहण्याची त्याला गरज नाही. महाराज मात्र हा वध पाहायला थांबत नाहीत. एका राजाने दुसऱ्या राजाचा मृत्यू पाहू नये, असा संकेत आहे.

आपल्याकडे स्त्रीभूमिकेची वाट वेगळ्याच दिशेने गेली. भाव्यांच्या खेळात मयूरावर बसून येणारी सरस्वती हा मुलगाच असे आणि तोवर मराठी सीता व रामनगरची सीता या सख्ख्या बहिणी होत्या. पण किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर आले, पुढे १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व आले, आणि स्त्रीपार्ट हा संकेत राहिला नाही, ती एक स्वतंत्र कला झाली. भामिनी, रुक्मिणी, सिंधू ही नावे घेतली की त्या काळच्या प्रेक्षकाला नाटककार आठवण्याआधी त्यांचा पदर आठवे. रंगभूमीवरच्या पुरुषाचे शालू, नथ आणि केसांतले गजरे पाहून घरंदाज स्त्रिया आपले वळण ठरवू लागल्या, हे जगाच्या रंगभूमीवरही विरळाच घडले असेल. रामनगरच्या मुलाने स्त्रीचे अनुकरण केलेच नाही; बालगंधर्वांनी ते असे केले की स्त्रियाच त्यांचे अनुकरण करू लागल्या. या दोहोंतील थोर कोण, हा प्रश्न व्यर्थ आहे. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. बालगंधर्वांची स्त्री ही एका माणसाच्या गळ्यावर आणि देहावर उभी होती. तो माणूस थकला तशी तीही थकली. रामनगरची सीता कोणाच एकाची नाही. आवाज फुटला की तो मुलगा गेला, दुसरा आला. सीता तीच.

या दोन वाटा एका मराठी माणसाच्या आयुष्यात विलक्षण रीतीने एकत्र आल्या, आणि त्याही काशीतच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातील स्वयंपाकी अण्णा साळुंके यांना तारामती करावी लागली. ज्या हरिश्चंद्राने काशीच्या स्मशानात डोंबाची चाकरी केली, त्याची राणी अशी मुंबईच्या भटारखान्यातून आली. वडील हयात असताना मिशा कशा काढाव्या, म्हणून स्त्रीवेषातील नट अडून बसत आणि फाळक्यांना त्यांची समजूत घालावी लागे, अशी हकीकत सांगतात. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही केली. चित्रपट तुफान चालला. पडद्यावर राम दिसताच लोक पायांतील वहाणा काढून हात जोडत. परंतु कॅमेरा हा निर्दय प्रेक्षक आहे. साळुंक्यांच्या सीतेचे पिळदार दंड त्याने लपवले नाहीत. रामनगरच्या मशालीत, पन्नास हातांवरून, जो संकेत बिनबोभाट खपतो, तो भिंगाच्या दोन हातांवर आला की उघडा पडतो. पुरुषाने स्त्री व्हावे की नाही, हा वाद नीतीचा आहे असे सर्वांना वाटत होते. पुष्कळसा तो अंतराचा आणि उजेडाचा होता.

१९१९ साली भागीदारांशी मतभेद होऊन फाळक्यांनी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा राजीनामा दिला आणि चित्रसृष्टीला रामराम ठोकून ते सहकुटुंब काशीस जाऊन राहिले. उत्तरेच्या दौऱ्यावर निघालेली किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा काशीस खेळ करीत होती. कंपनीचे चालक शंकर बापूजी मुजुमदार यांच्याशी फाळक्यांचा स्नेह जडला. रंगभूमीच्या भल्याबुऱ्या चालीरीतींवर दोघांच्या लांबलचक गप्पा होत, आणि मुजुमदारांच्या आग्रहावरून फाळक्यांनी त्या गप्पांतूनच ‘रंगभूमी’ नावाचे सात अंकी मराठी नाटक लिहिले. नाटकवाल्यांचेच नाटक, तत्कालीन रंगभूमीचे वाभाडे काढणारे. एका रात्रीत ते मावेना. १९२२ साली मुंबईच्या बालीवाला थिएटरात ते रंगमंचावर आले, पण लोकांनी ते उचलून धरले नाही आणि फाळके पुन्हा चित्रपटाकडे वळले. राम आणि सीता एकाच देहात दाखवणारा हा कल्पक मनुष्य नाटकाची झाडाझडती घेण्यासाठी गंगेच्या काठी येऊन बसला होता, आणि एकतीस रात्री चालणारे, ना अंक ना पडदा असे नाटक त्याच गंगेच्या दुसऱ्या काठाला दरवर्षी होत होते. सात अंक एका रात्रीत बसत नाहीत ही अडचण पुणे-मुंबईची. रामनगरकरांना ती अडचण समजलीच नसती.

स्त्रीच्या जागी पुरुष, ही चाल सनातन आहे असे मात्र कोणी समजू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात भूमिकांचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्त्रीने स्त्रीची व पुरुषाने पुरुषाची भूमिका करावी ती अनुरूपा. बालाने वृद्धाची अथवा वृद्धाने बालाची करावी ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची किंवा स्त्रीने पुरुषाची करावी ती रूपानुसारिणी. म्हणजे शास्त्राला तिन्ही वाटा मोकळ्या होत्या. पतंजलीच्या महाभाष्यात स्त्रीवेष घेणाऱ्या नटाला ‘भ्रुकुंस’ हा खास शब्द आहे. तो धंदा तेव्हाही रूढ असल्याशिवाय त्याला नाव पडले नसते. पण खुद्द काशीचा दाखला पाहावयाचा तर आठव्या शतकातील काश्मीरचा राजा जयापीड याच्या पदरी असलेल्या दामोदरगुप्ताचे ‘कुट्टनीमत’ उघडावे. त्यातील कथा घडते वाराणसीत. समरभट नावाचा राजपुत्र शिवाच्या दर्शनाला मंदिरात जातो, तेथे त्याच्यासमोर श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’चा पहिला अंक करून दाखवतात, आणि रत्नावली होते मंजरी नावाची गणिका. राजपुत्र तिच्या पायी कसा कफल्लक झाला ते कवीने चवीने सांगितले आहे. ते येथे सोडून देऊ. महत्त्वाचे एवढेच, की काशीतील देवळात देवाच्या साक्षीने स्त्री रंगभूमीवर उभी राहते, यात त्या कवीला किंवा त्याच्या वाचकांना काही वावगे वाटले नव्हते.

यावरून असे दिसते की स्त्रियांना रंगभूमीची बंदी ही परंपरेने घातलेली नाही. परंपरेच्या एका टप्प्यावर समाजाने ती घातली. नाचगाणे करणाऱ्या बाया आणि कुलस्त्रिया यांच्यामध्ये जी भिंत उभी राहिली, तिने दोघींनाही सीता होऊ दिले नाही: एकीला ती पवित्र नाही म्हणून, दुसरीला ती पवित्र आहे म्हणून. काशीच्या गायिकांच्या ठुमऱ्या-चैत्या ऐकण्यासाठी रईस लोक गंगेत बजरे नांगरीत, पण त्यांच्यापैकी एकीच्याही कपाळी जानकीचा मुकुट चढला नाही. रामनगरच्या मुलाच्या निरागस मुद्रेतील सौंदर्य मान्य करूनही हा हिशेब विसरता येत नाही. लीला पाहायला येणाऱ्यांत स्त्रिया हजारोंनी असतात. सीतेचा वनवास त्यांच्याइतका कोणाला कळतो?

मराठीत ही भिंत १९३३ साली पडू लागली. नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या सुविद्य स्त्रिया स्त्रियांच्या भूमिकांत उभ्या राहिल्या. त्याआधीही काहींनी धीर केला होता. ‘मोहिनी भस्मासूर’ या फाळक्यांच्या १९१३ च्या चित्रपटात काम केलेल्या कमलाबाई गोखल्यांनी तर पुढे रंगभूमीवर पुरुषभूमिकाही गाजवल्या आणि रूपानुसारिणीची दुसरी बाजू मराठी प्रेक्षकाला दाखवली. योगायोग असा की त्याच १९३३ साली काशीत जयशंकर प्रसादांचे ‘ध्रुवस्वामिनी’ प्रसिद्ध झाले. तंबाखूच्या पेढीवर बसणाऱ्या या कवीने विशाखदत्ताच्या ‘देवीचंद्रगुप्त’ या लुप्त नाटकाच्या उरल्यासुरल्या अवतरणांतून कथा उचलली. भेकड रामगुप्त आपली राणी शकराजाच्या हवाली करायला तयार होतो, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ चंद्रगुप्त स्त्रीवेष घेऊन शत्रूच्या गोटात शिरतो आणि शकराजाला ठार करतो. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’तही या प्रसंगाचा उल्लेख आहे. पण प्रसादांनी जुन्या कथेला पीळ दिला तो पुढेच. त्यांची ध्रुवस्वामिनी चंद्रगुप्ताच्या मागे घरी बसत नाही, स्वतः त्याच्याबरोबर शकांच्या गोटात जाते. आणि परतल्यावर, ज्या नवऱ्याने आपल्याला वस्तूसारखे देऊन टाकले त्याच्याशी लग्नगाठ राहते काय, असा सवाल धर्माधिकाऱ्यांपुढे टाकते. पुरोहिताला तिच्या बाजूने निर्णय द्यावा लागतो. पुरुषाच्या अंगावर स्त्रीवेष चढवून स्त्रीचा प्रश्न इतक्या रोखठोकपणे मांडणारे नाटक त्या काळी दुसरे क्वचितच असेल.

रामनगर मात्र यांपैकी कशानेच हलले नाही. १९४९ साली काशी संस्थान विलीन झाले, तरी महाराज विभूतिनारायण सिंह हत्तीवर बसून लीलेला येत राहिले आणि त्यांना पाहताच लोक ‘हर हर महादेव’चा गजर करीत राहिले. २००० साली ते निवर्तले. त्यांच्या पुत्राने तो नेम पुढे चालवला. युनेस्कोने रामलीलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, त्यानेही तेथील बत्त्या विजेच्या झाल्या नाहीत. खंड पडला तो २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीने. ती ओसरल्यावर व्यासांनी पुन्हा पोथी उघडली आणि मुले संवाद घोकू लागली.

राज्याभिषेकाच्या रात्री लीला उजाडेपर्यंत चालते आणि सूर्योदयाच्या आरतीसाठी गंगा ओलांडून नावांमागून नावा येतात. त्यानंतर येते ‘कोट विदाई’. पाचही स्वरूपांना हत्तीवरून किल्ल्यात आणतात. महाराज त्यांचे पाय धुतात, त्यांना पंक्तीला बसवतात, आणि जेवण झाल्यावर दक्षिणा म्हणून काही रुपये त्यांच्या हातावर ठेवतात. महिनाभर जगज्जननी असलेला तो मुलगा आपली मजुरी मोजून घेतो आणि मुकुट उतरवून घरी जातो. पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलावणे येईल की नाही, हे त्याच्या आवाजावर अवलंबून असते.